ऑलिंपसवरची भाऊबंदकी, बारा मिनिटांत

ग्रीक देवांच्या घरातली भांडणे ज्याने सलग सांगून ठेवली, तो हेसिअड स्वतः वाटणीच्या वादात पोळलेला शेतकरी होता. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ग्रीसच्या बीओशिया प्रांतात, हेलिकॉन डोंगराजवळच्या आस्क्रा नावाच्या खेड्यात तो राहायचा. बापामागे जमिनीची वाटणी झाली. तेव्हा पर्सिस या भावाने लाचखाऊ सरदारांची मर्जी राखून जादा वाटा लाटला, अशी तक्रार त्याने आपल्या 'कामे आणि दिवस' या काव्यात मांडली आहे. त्याच्याच 'थिओगनी' या काव्यात क्रोनस हा मुलगा युरेनस या बापाला विळ्याने खच्ची करतो, पुढे आपलीच पोरे जन्मताच गिळतो, आणि वाचलेला एकटा झ्यूस त्याला खाली खेचतो. शेतीच्या तुकड्यासाठी सरदारांच्या दारात उभा राहिलेला माणूस देवांच्या गादीची हकिगत सांगतो, तेव्हा तिला घरच्या ओसरीचा वास येणारच.

या विषयावर फँटसी लघुपट करू पाहणाऱ्यांच्या पहिल्या खर्ड्यात हा वास बहुधा उडालेला असतो. उरतात ते ढग, सिंहासन, पांढरी दाढी, खर्जातले निवेदन, संगणकावर काढलेली वीज, आणि युरेनसपासून हर्क्युलिसपर्यंतचा इतिहास पंधरा मिनिटांत. प्रेक्षकाच्या डोक्यात नावे बसेपर्यंत श्रेयनामावली सुरू होते.

तेव्हा पहिले काम काटछाटीचे. ऑस्करच्या नियमांत लघुपटाची कमाल लांबी श्रेयनामावलीसकट ४० मिनिटे आहे, पण पहिल्या प्रयत्नाला बारा मिनिटे पुष्कळ झाली. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, या ढोबळ हिशेबाने बारा पाने. बारा पानांत एक खटला मावतो, अख्खे घराणे मावत नाही.

खटला हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. ग्रीक पुराणांत देवांनी देवांवर लावलेले खरेखुरे दावे आहेत, आणि त्यांतले काही तर जणू लघुपटासाठीच बेतलेले आहेत. हर्मिसचेच घ्यावे. त्याच्यावरच्या होमरी स्तोत्रानुसार तो सकाळी जन्मला, दुपारी त्याने कासवाच्या पाठीपासून वीणा बनवली आणि संध्याकाळी सावत्रभाऊ अपोलोच्या पन्नास गाई चोरल्या. माग लागू नये म्हणून त्याने गाई उलट्या पावली चालवल्या. अपोलो त्या तान्ह्याला उचलून झ्यूससमोर नेतो. पोरगे बापासमोर धडधडीत खोटे बोलते, आणि झ्यूस खदखदून हसतो. निकाल असा की दोघांनी मिळून गाई शोधाव्यात. मग वीणेच्या बदल्यात गाई, अशी तडजोड होते. दोन भाऊ, एक बाप, एक वाद्य आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून हंबरणाऱ्या गाई: खर्चाला याहून हलकी गोष्ट मिळणे कठीण. तान्ह्या चोराचे काम पन्नाशीच्या नटाला दुपट्यात गुंडाळून दिले तर निम्मा विनोद तिथेच साधेल.

'ओडिसी'च्या आठव्या सर्गात हेफेस्टसचा दावा आहे. बायको अफ्रोडाइटी आणि आरेस यांना त्याने अदृश्य जाळ्यात पलंगावरच अडकवले आणि देवांना पंच म्हणून बोलावले. मागणी काय, तर लग्नात सासऱ्याला दिलेला ऐवज परत हवा. देव हसत सुटतात, देवी लाजेने घरीच थांबतात, आणि अखेर पोसायडन आरेसला जामीन राहतो. पंचायत, जामीन, ऐवज. भाषांतर करण्याचीही गरज नाही.

झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तीन भावांची वाटणी तर 'इलियड'च्या पंधराव्या सर्गात खुद्द पोसायडनच सांगतो. चिठ्ठ्या टाकल्या, आकाश झ्यूसला, समुद्र आपल्याला, पाताळ हेडीसला. पृथ्वी आणि ऑलिंपस मात्र सामाईक. म्हणजे देवघरातही सामाईक अंगण आहे आणि सगळी कुरबूर त्या अंगणाचीच आहे. युद्धातून निघून जा, असा झ्यूसचा हुकूम घेऊन आयरिस येते तेव्हा पोसायडन हाच वाटणीपत्राचा दाखला देतो. ती त्याला आठवण करून देते की एरिनीज, म्हणजे सूड घेणाऱ्या देवता, नेहमी थोरल्याच्या बाजूने असतात. तो चरफडत माघार घेतो. यात एक पेच दडलेला आहे. होमरच्या लेखी झ्यूस थोरला. हेसिअडच्या लेखी तो शेंडेफळ, कारण बाकीची पाच भावंडे त्याच्या आधी जन्मून बापाच्या पोटात गेलेली. पण ती पोटातून बाहेर आली झ्यूस मोठा झाल्यावर! मग जन्म कोणता धरायचा? थोरला कोण, एवढ्या एका प्रश्नावर दोन भावांचा आठ मिनिटांचा प्रवेश उभा राहू शकतो. तिसरा भाऊ पाताळात बसून ऐकतोय, इतके पुरे.

गोष्ट निवडून झाली की दुसरा प्रश्न: निकाल कोण देणार? इथे मराठी लेखकाच्या हाताशी एक चोख तुलना आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकात १७७३ मधल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांसमोर उभे राहतात ते रामशास्त्री. ते पेशव्यांचे नोकर आहेत, नातलग नाहीत. नाटकाचा सगळा ताण त्या अंतरातून येतो. ऑलिंपसवर रामशास्त्री नाही. तिथला न्यायाधीश हाच घरचा कर्ता, वादीचा भाऊ, प्रतिवादीचा बाप आणि पुष्कळदा गुन्ह्यातला छुपा भागीदार. झ्यूसची दुसरी बायको थेमिस म्हणजे मूर्तिमंत रीत-कायदा, आणि त्यांची मुलगी डिके म्हणजे न्याय. अन्याय झाला की डिके बापाजवळ बसून गाऱ्हाणे सांगते, असे हेसिअड लिहितो. न्याय हीसुद्धा घरातलीच एक मुलगी आहे, आणि तिला बापाचे लक्ष वेधून घ्यावे लागते. फँटसी लघुपटात जे दाखवण्याजोगे आहे ते हेच. विजा कुणीही दाखवतो.

हे नाते पटकथेतून काढून टाकले की काय होते, ते डिस्नेच्या १९९७ च्या 'हर्क्युलिस'मध्ये दिसते. मूळ कथेत हर्क्युलिस हा झ्यूसला अल्कमीनी या मानवी स्त्रीपासून झालेला मुलगा, आणि झ्यूसची बायको हेरा त्याची जन्माची वैरीण. चित्रपटाने हेरालाच त्याची प्रेमळ आई केले. मुलांसाठी ते ठीकच, पण मग वैर कुठून तरी आणावे लागते. ते सगळे हेडीसच्या माथी मारले गेले आणि पाताळाचा अबोल राजा खलनायक झाला. उलट २०२४ मधल्या 'काओस' या आठ भागांच्या मालिकेत जेफ गोल्डब्लमचा झ्यूस रंगीत ट्रॅकसूट घालून आलिशान बंगल्यात राहतो आणि कपाळावर सुरकुती दिसली म्हणून हादरतो. मालिका एकाच हंगामात बंद झाली, पण घरातला हुकूमशहा म्हणजे काय, हे तिला नेमके उमगले होते.

तिसरी अडचण फक्त देवांच्याच गोष्टीत येते. देव मरत नाहीत. त्यांच्या अंगात रक्ताऐवजी इकोर नावाचा द्रव वाहतो आणि जखमा भरून येतात. जिवाला धोकाच नाही तर प्रेक्षकाने श्वास कशासाठी रोखायचा? तलवारींची लढाई लांबवणारे लघुपट इथेच फसतात. ग्रीक देवांना जे गमावण्याची भीती वाटते त्याला ते 'तिमे' म्हणतात. मराठीत त्याला मानपान म्हटले की अर्थ बराचसा पकडला जातो: वाटा, हक्क, बसायची जागा आणि नैवेद्य. स्टिक्स नदीची खोटी शपथ घेणाऱ्या देवाला काय शिक्षा होते, ते 'थिओगनी'त तपशिलाने दिले आहे. एक वर्ष तो श्वासाविना, वाचेविना पडून राहतो. त्यानंतर नऊ वर्षे त्याला सभेत आणि जेवणावळीत प्रवेश नाही. दहाव्या वर्षी तो पुन्हा पंगतीला येतो. याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. अपोलोने सायक्लोप्सना मारले तेव्हा झ्यूसने त्याला अड्मीटस या माणसाच्या घरी वर्षभर गुरे राखायला लावले. ऑलिंपसच्या जेवणाच्या टेबलाशी एक रिकामी खुर्ची आणि नऊ वर्षे तिच्याकडे न बघणारे नातलग, हे दृश्य कुठल्याही द्वंद्वाहून जास्त बोचेल आणि त्याला खर्च फक्त खुर्चीचा.

एक गोष्ट शेवटपर्यंत बेतून पाहू. धान्यदेवी डीमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांची घेऊ, कारण तिच्यात सगळे घर एकदम येते.

होमरी स्तोत्रांपैकी डीमीटरचे स्तोत्र सुमारे ४९५ ओळींचे आहे. पर्सेफनी कुरणात फुले वेचताना नार्सिससचे फूल खुडते, जमीन दुभंगते, हेडीस सोन्याच्या रथातून येऊन तिला ओढून नेतो. तो तिचा सख्खा काका. तिच्या बापाने, म्हणजे झ्यूसने, आईला न विचारता या लग्नाला आधीच होकार दिलेला आहे. डीमीटर हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याविना भटकते. सूर्यदेव हेलिओसने सारे पाहिलेले असते. तो सांगतो, आणि वर समजूतही घालतो की जावई काही वाईट नाही, राजा आहे, तुझा सख्खा भाऊच आहे. 'स्थळ चांगलं आहे' हे वाक्य इतक्या थंडपणे बोललेले दुसरे क्वचितच सापडेल. पटकथाकाराने हेलिओसला अजिबात दुष्ट करू नये. तो भला शेजारी आहे, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

डीमीटर म्हातारीचे रूप घेऊन एल्युसिसला येते, विहिरीपाशी बसते, राजाच्या घरी दाई होते. वाइन नाकारते, जवाचे पीठ आणि पुदिन्याच्या जातीचा पाला घातलेले पाणी मागते. (अथेन्सच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवरचे हे एल्युसिस आजही आहे. कारखान्यांचे गाव झालेले ते २०२३ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होते.) बारा मिनिटांत हा दाईचा भाग बसणार नाही. तो गाळताना हात थरथरेल, पण गाळावा. विहिरीचे एक दृश्य ठेवावे.

मग देवी संप पुकारते. स्तोत्रात संप हा शब्द अर्थातच नाही, पण घडते तेच. वर्षभर बी उगवत नाही, माणसे उपाशी, आणि माणसे मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार? झ्यूस आधी आयरिसला पाठवतो, मग एकेक करून सगळे देव भेटवस्तू घेऊन येतात. डीमीटर हलत नाही. शेवटी हर्मिस पाताळात जातो आणि हेडीस मुलीला सोडतो, पण जाताना डाळिंबाचा दाणा खाऊ घालून. पाताळातले अन्न पोटात गेले म्हणजे तिथले नाते जोडले गेले. तोडगा निघतो तो असा की वर्षाचा एक भाग खाली, दोन भाग आईकडे. हा निरोप घेऊन कोण येते? रिया. डीमीटर, झ्यूस आणि हेडीस या तिघांची आई, पर्सेफनीची आजी. जिच्या नवऱ्याने एकेकाळी तिची पोरे गिळली, तीच आता नातीच्या वाटणीची मध्यस्थ. या एका नटीला फक्त दीड मिनिट मिळणार आहे, म्हणून संचातली सर्वांत जाणती नटी तिथे घ्यावी.

स्तोत्रातली एक विसंगती पटकथेसाठी सोन्यासारखी आहे. निवेदक सांगतो की हेडीसने दाणा चोरून, इकडेतिकडे बघत तिला दिला. पर्सेफनी आईला सांगते की त्याने जबरदस्तीने खायला लावला. कोण खरे? आईपुढे मुलीने थोडे वेगळे सांगितले असेल का? की निवेदकाला दिसले नाही ते तिने भोगले? लघुपटात दाणा प्रत्यक्ष खाताना दाखवूच नये. तळहात दाखवावा, मिटलेले ओठ दाखवावेत, आणि दोन साक्षी ऐकवाव्यात. ओव्हिडने पुढे दाण्यांची संख्या सात केली आणि वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी. कुठला पाठ घेतला आहे, ते आधी ठरवून त्यालाच चिकटावे. दोन्हींची भेसळ झाली की हिशेब चुकतो आणि जाणकार प्रेक्षक तिथेच अडकतो.

मुख्य पात्र कोण, हेही याच टप्प्यावर ठरवावे लागते. डीमीटर निवडली तर दुःखाची गोष्ट होते, पर्सेफनी निवडली तर वाढत्या वयाची. झ्यूस निवडला तर न्यायाची होते: स्वतःच लावून दिलेल्या लग्नाचा निवाडा स्वतःच करायला बसलेला बाप. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांना देवत्वाची सवलत न देता त्यांच्या कृतींचा जाब विचारला. पटकथेचा दुसरा खर्डा लिहिण्याआधी ते पुस्तक पुन्हा चाळणे उपयोगी पडेल. ग्रीक देवांबद्दल त्यात काही नाही, पण प्रश्न कसे विचारावेत, हे पानोपानी आहे.

काहींना थेट कोर्टच हवे असते. त्यांच्यासाठी अथेन्समधल्या अॅक्रोपोलिसच्या वायव्येची आरिओपॅगस ही टेकडी. पोसायडनचा मुलगा हॅलिरोथिअस हा आरेसची मुलगी अल्किप्पी हिच्यावर जबरदस्ती करताना सापडला आणि आरेसने त्याला ठार केले. पोसायडनने पुतण्यावर खुनाचा दावा लावला. बारा देव निवाड्याला बसले आणि आरेस सुटला. (नेहमीच्या यादीतल्या बारांमध्ये वादी-प्रतिवादी दोघेही मोडतात. मग त्या दिवशी आसनावर नेमके कोण होते, हे विचारायची सोय नाही.) अपोलोडोरसच्या नावावरच्या पुराणसंग्रहात ही हकिगत जेमतेम दोन-चार वाक्यांत उरकली आहे, आणि तिच्यात अल्किप्पीचा एकही शब्द नाही. जिच्यावर प्रसंग गुदरला तिला साक्षीला कुणी बोलावले नाही. दोन बाप भांडतात, ती बाहेर दगडावर बसून आहे. ज्याला नवा लघुपट करायचा आहे, त्याने या दगडापासून सुरुवात करावी. गुन्हा मात्र दाखवू नये. ग्रीक शोकांतिकेतही हिंसा सहसा रंगमंचाआड घडायची आणि दूत येऊन ती सांगायचा. त्या संकेताचा आधार आजही घ्यावा. नटीची संमती, सेटवर मोजकी माणसे आणि तालमीत आधी ठरलेल्या हालचाली हे तर कुठल्याही कथेत पाळायलाच हवे.

याच टेकडीवर इस्किलसने इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये 'युमेनिडीज' नाटकातला ओरेस्टिसचा खटला उभा केला. आईला मारलेला मुलगा, त्याच्या मागे लागलेल्या एरिनीज, वकील अपोलो. अथीना पहिल्यांदाच घराबाहेरचे पंच, म्हणजे अथेन्सचे नागरिक, बोलावते. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. पण अथीनाने आपले मत आरोपीच्या पारड्यात टाकलेले असते, आणि कारण देते की मला आई नाही, मी बापाच्या बाजूची. ती खरोखरच झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली. बाहेरचे पंच आले तरी घर आडवे आलेच.

या दृश्यासाठी साहित्य फार लागत नाही. दोन तांब्याचे हंडे आणि मूठभर गोटे. प्रत्येक गोटा हंड्यात पडल्याचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा आणि शेवटच्या गोट्याआधी पार्श्वसंगीत पूर्ण थांबवावे. अथेन्सच्या न्यायालयांत वक्त्याची वेळ मोजायला भोकाचे मडके असायचे, पाणी गळून संपले की भाषण संपले. अथेन्सच्या बाजारपेठेत, म्हणजे अगोरात, उत्खननात मिळालेले असे एक मडके साधारण सहा मिनिटांत रिकामे होते. आपले जुने घटिकापात्र पाण्यात तरंगत भरायचे आणि बुडायचे. हे त्याच्या उलटे. तालमीत याचा मस्त उपयोग होतो. वादीच्या नटाला सहा मिनिटे, प्रतिवादीच्या नटाला सहा मिनिटे, संवाद न देता बाजू मांडायला सांगावी आणि मोबाइलवर टिपून घ्यावे. पटकथेतली चांगली चार वाक्ये त्यातूनच निघतात.

न्यायदेवतेच्या डोळ्यांना मात्र पट्टी बांधू नये. ती ग्रीक नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ती दिसू लागली, आणि सुरुवातीला थट्टेच्या चित्रात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये पट्टी नसलेली, हातात तलवारीऐवजी संविधान घेतलेली मूर्ती बसवली. तराजू चालेल, 'इलियड'मध्ये झ्यूस सोन्याच्या तराजूत माणसांची नशिबे तोलतो.

आणि पैसे नसतील तर जाँ कॉक्तोचा १९५० चा 'ऑर्फे' पाहावा, शक्यतो दोनदा. त्यातले परलोकाचे न्यायाधीश साध्या कोटांत, एका भकास खोलीत टेबलामागे बसलेले आहेत. ना ज्वाळा, ना धूर. मृत्यूचे दूत मोटारसायकलवर येतात. आरशातून पलीकडे जाण्यासाठी कॉक्तोने पाऱ्याच्या पृष्ठभागात हात घालून चित्रण केले (पारा विषारी आहे, हा प्रयोग कुणी करू नये). हातमोजे आपोआप चढतात ते दृश्य उलटे फिरवून. आजच्या कुठल्याही मोफत संकलन प्रणालीत चित्रफीत उलटी फिरवायला एक कळ पुरते.

डीमीटरच्या गोष्टीतली चमत्काराची जागा म्हणजे उगवणारे आणि न उगवणारे बी, आणि त्यासाठी आपल्याकडे घरचा गुरू आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी भांडवल मिळवण्यासाठी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत चित्रित केली होती. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रफितीने लोक थक्क झाले आणि पैसा उभा राहिला. आज मोबाइल तिवईवर बसवून दर पंधरा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर दिवसाला ९६ चौकटी मिळतात, म्हणजे पडद्यावर चार सेकंद. पाच दिवसांत वीस सेकंद. खोलीच्या खिडक्या काळ्या कापडाने झाकाव्यात आणि एकच दिवा अखंड ठेवावा, नाहीतर उजेड लुकलुकतो. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या घरात हे सगळे साहित्य तयारच असते. योगायोग असा की देवी मशाली घेऊन भटकली तेही नऊच दिवस. तीच चित्रफीत उलटी फिरवली की अंकुर मातीत परत जातात. डीमीटरचा संप सुरू.

रंगाबद्दल. ग्रीक मूर्ती पांढऱ्याफटक नव्हत्या, रंगवलेल्या होत्या. रंग काळाच्या ओघात उडाला आणि आपण पांढऱ्यालाच ग्रीक समजू लागलो. १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए झ्यूस झाले होते आणि ऑलिंपस लख्ख पांढरा होता. तिथून सुटका करून घ्यावी. केशरी, निळा, गर्द लाल वापरावा. कपडे म्हणजे बिनशिवलेल्या कापडाचे लांब तुकडे. खांद्यावर पिना लावून पेप्लोस, वरून उपरण्यासारखा हिमॅटिऑन. धोतर-नऊवारी नेसवणारी कुणी जाणती बाई असली तर तिच्या बोटांना चुण्या लगेच कळतील. पॉलिस्टर टाळावे, ते वाऱ्यावर फुगते पण पडत नाही. जाड सुती किंवा लोकरीचे कापड घ्यावे. समुद्रातून १९२६ ते १९२८ दरम्यान वर काढलेला आर्टेमिशनचा ब्राँझचा देव अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हातातले शस्त्र हरवल्यामुळे तो झ्यूस की पोसायडन, यावर अभ्यासकांचे वाद झडले आहेत. भाऊ इतके सारखे! नट निवडताना हे लक्षात असू द्यावे. शस्त्राशिवाय ओळखू न येणारे दोन भाऊ हे वाटणीच्या भांडणाला फार शोभतात.

चित्रीकरणाच्या जागेसाठी खांब शोधत बसू नये. ग्रीसचा डोंगर चुनखडीचा, उजळ. सह्याद्रीचा कातळ काळा. तो ऑलिंपस म्हणून खपणार नाही, पाताळ म्हणून मात्र झकास दिसतो. ऑलिंपससाठी घरातली जेवणाची खोली घ्यावी. किल्ला किंवा लेणे संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी. ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी.

आता भाषा. देवांनी संस्कृतप्रचुर मराठी बोलली की ते थेट पौराणिक मालिकेत जातात, आणि फार शहरी बोलली की विडंबन होते. मधली वाट संबोधनांतून सापडते. घरात कोण कुणाला काय म्हणते, ते आधी कागदावर लिहून काढावे. हेडीस झ्यूसला 'दादा' म्हणाला तर होमरचा पाठ घेतला. नुसते 'तू' म्हणाला तर हेसिअडचा. डीमीटर झ्यूसला एकेरीत बोलावते की 'अहो' म्हणते, यावर ती बहीण म्हणून भांडते आहे की मुलीची आई म्हणून, हे ठरते, कारण ती दोन्ही आहे. पर्सेफनीने हेडीसला आधी 'काका' म्हणावे, आणि परत येताना काहीच म्हणू नये. निवेदन टाळावे. नाती सांगायची असतील तर ती पंगतीत कुणी कुणाला वाढले नाही यातून सांगावीत.

कागदपत्रांचे थोडक्यात. होमर आणि हेसिअड यांच्यावर कुणाचा हक्क नाही, पण त्यांच्या भाषांतरांवर असतो. भारतात लेखकाच्या आणि भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. म्हणून भाषांतरातली वाक्ये न उचलता प्रसंग घ्यावा आणि संवाद स्वतः लिहावेत. तयार संगीत परवानगीवाचून वापरू नये. त्यापेक्षा सनईवादकाला बोलावून एकच लांब स्वर वाजवून घ्यावा. ग्रीक नाटकात कोरसला साथ करणारा औलोसही पत्ती लावलेल्या नळ्यांचाच होता. चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे असेल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवांचे नियम वेगळे असतात. मुंबईचा माहितीपट-लघुपट-ॲनिमेशनपटांचा महोत्सव, पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, गोव्यातला इफ्फी यांच्या प्रवेशिका वेळेवर वाचून लांबीची अट आधी पाहावी आणि मगच अंतिम संकलनाला बसावे.

वेळापत्रक आखताना डाळिंबाचे दृश्य शेवटच्या दिवशी ठेवावे. सोलापूरकडचे 'भगवा' जातीचे डाळिंब घ्यावे, त्याचे दाणे पडद्यावर लालभडक दिसतात. निदान सहा फळे आणावीत, कारण दर टेकला नवे फोडावे लागते आणि दिव्यांच्या उष्णतेने दाणे सुकतात. पर्सेफनीच्या कपड्याचे दोन जोड तयार ठेवावेत. सुती कापडावरचा डाळिंबाचा डाग धुऊन जात नाही, आणि कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या मदतनिसाने प्रत्येक टेकनंतर तळहातावर किती दाणे उरले ते वहीत लिहून ठेवायचे असते.